मोटारीच्या खोलीतला गणवेश

धायरीत सकाळी साडेसहाच्या सुमाराला पिवळी व्हॅन घेऊन दारोदार फिरणारे पुष्कळ आहेत. त्यातला जो हॉर्न वाजवत नाही, तो सर्जेराव. त्याचं म्हणणं असं, की म्हशीलासुद्धा आपण पाठीवर थाप मारून उठवतो, मग लेकराला भोंगा कशापायी. तो गाडीतनं उतरतो, फाटकाची कडी दोनदा वाजवतो आणि "चला पाव्हणं" म्हणतो. ही गोष्ट घडली तेव्हा अकरा दारं, अकरा पाव्हणे. पोरं अर्ध्या झोपेत येतात. हा आधी दप्तरं आत टाकतो, मग पोरं आत टाकतो आणि दार लोटतो.

साठी उलटलेला गडी. गरज म्हणून गाडी चालवत नाही. जमीन बिल्डरकडं गेली, तिच्यावर सात मजले उभे राहिले, त्यातले दोन फ्लॅट याच्या वाट्याला आले. पण पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्याचं अंग, जमीन विकली म्हणून आठपर्यंत लोळत नाही. गोठा मोडल्यावर दोन महिने हा पहाटेचा नुसता पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचा. वॉचमन बिचकायचा. मग त्यानं व्हॅन घेतली. त्याची बायको कौशल्या म्हणते, "म्हशी गेल्या, आता आमचं माणूस दुसऱ्यांची पोरं वळतंय."

जमिनीतला दीड गुंठ्याचा एक तुकडा मात्र त्यानं विकला नाही. तिथं जुनी विहीर आहे, विहिरीला लागून मोटारीची पत्र्याची खोली आहे आणि भोवती मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे. त्याला घरात सगळे अजून मळाच म्हणतात.

शाळा हा सर्जेरावाच्या अंगावरचा जुना वळ. त्याच्या थोरल्या बहिणीला तिसरीतनं काढलं होतं, पाठचं भावंड सांभाळायला. ते भावंड म्हणजे हाच. पुढं चौथीत बापानं याच्याही हातातली पाटी काढून घेतली आणि दावं दिलं. जमिनीचं खरेदीखत झालं त्या दिवशी हा नवं पेन खिशाला लावून कचेरीत गेला होता. महिनाभर चोरून किराण्याच्या कागदी पिशव्यांवर सही गिरवली होती. टेबलापलीकडच्या माणसानं याची टोपी बघितली आणि न विचारता शाईचा पॅड पुढं सरकवला. मागं रांग होती. सर्जेरावानं अंगठा उठवला. पेन खिशातच राहिलं. आमची शेजारपणाची जुनी ओळख, पण ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, आणि सांगताना विहिरीत बघत होता.

म्हणून त्यानं पोराला, विक्रमला, हट्टानं शिकवलं. विक्रम इंजिनीयर झाला, हिंजवडीला कंपनीत लागला. सून आली ती बी.एड. झालेली, शाळेत नोकरीला असलेली. तेजस्विनी तिचं नाव. तेव्हा हा गावभर सांगत सुटला होता, आमच्या घरात आता मास्तरीण हाय. नात झाली, संस्कृती, आणि ती तीन वर्षांची झाली तशी आजोबाच्याच व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून शाळेला जायला लागली.

दुसरीत पोरीचं बिनसलं. तिचा हात सावकाश चालायचा. फळ्यावरचं उतरवून होईस्तोवर बाई फळा पुसायच्या. वही अपुरी राहिली की वर्गाबाहेर उभं राहायचं, असा तिथला नेम. दिवाळीनंतर ती रोज सकाळी व्हॅनमध्ये ओकायला लागली. डॉक्टरला दाखवलं, पोटात काही निघालं नाही. सर्जेराव सीटखाली जुनी वर्तमानपत्रं ठेवायला लागला. शाळेच्या दारात बाकीची पोरं उतरायची आणि ही सीटसमोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायची. सर्जेराव एकेक बोट सोडवायचा. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. सगळी बोटं सुटली की उचलून वॉचमनच्या हातात द्यायची आणि मागं न बघता गाडी काढायची. हे त्यानं घरात कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं, आपल्याला कुणी असं उचलून शाळेत टाकलं असतं तर शाईचा पॅड पुढं आला नसता.

वर्ष संपलं आणि एका रविवारी पोहे खाताना तेजस्विनीनं सांगितलं, की तिनं नोकरीचा राजीनामा दिलाय आणि संस्कृतीला शाळेतनं काढायचं ठरलंय. विक्रमला विचारून झालं होतं. पोरगी घरीच शिकेल. तिला जे आवडेल तिथनं सुरुवात करू, पुढं मोठी झाली की बाहेरनं परीक्षा देता येते, अशी पुष्कळ मुलं आहेत. ती नीट समजावून सांगत होती. सर्जेरावाच्या कानात मात्र एवढंच शिरलं, की पोरीला शाळेतनं काढलं. त्याच्या माहितीत पोरीला शाळेतनं काढतात ती गुरं राखायला, भावंडं सांभाळायला, नाहीतर लग्नाला. आणि अकरा घरची पोरं शाळेत पोचवणाऱ्याची स्वतःची नात घरात.

त्याची समजूत पटावी म्हणून तेजस्विनी त्याला एका गुरुवारी शनिवार पेठेत घेऊन गेली. मुलांना घरी शिकवणारे आईबाप तिथं श्यामलाबाईंच्या दिवाणखान्यात जमतात. श्यामलाबाई चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दारात पाटी होती, 'चपलांची रांग भिंतीकडून सुरू होते.' सर्जेरावानं चपला दोनदा काढून दोनदा सरकवल्या.

आत एक तरुण बाप होता. त्यानं मुलासाठी केलेलं वेळापत्रक सगळ्यांना दाखवलं, आठ ते साडेआठ गणित, साडेआठ ते नऊ भाषा, वगैरे. श्यामलाबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे शाळा सोडलीत आणि घंटा घरी आणलीत. शाळेत निदान डबा खायला मित्र तरी होते त्याला." नवीन आलेल्यांना त्या सांगत होत्या, की आधी काही करूच नका. जितकी वर्षं मूल शाळेत गेलं तितके महिने त्याला मोकळं सोडा, शाळा अंगातनं उतरू द्या, मग ते कशाकडं वळतंय ते बघा. सर्जेरावानं बोटं मोजली. खालचे वर्ग धरून पाच वर्षं. पाच महिने पोरगी नुसती बसणार.

त्यानं एकच विचारलं, "आन् लोकांना काय सांगायचं?"

"लोक एकदाच विचारतात हो आजोबा," श्यामलाबाई म्हणाल्या. "रोज उगाळत आपणच बसतो."

हे त्याला पटलं नाही. पेठेतल्या बाईला काय ठाऊक, गावकीत लोक एकदा विचारून सोडत नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी तिसऱ्या दारातल्या बाईनं गाडीत डोकावून विचारलं, संस्कृती कुठंय. सर्जेरावानं खरं सांगायचं म्हणूनच तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "तिला मोठ्या शाळंत घातलीया. नऱ्ह्याच्या पलीकडं." बाईनं कौतुकानं मान हलवली. दुपारपर्यंत ते आळीत पसरलं.

आता खोटं एकदा जन्माला आलं की त्याला खायला घालावं लागतं. चार दिवसांनी सर्जेरावानं लांबच्या एका दुकानातनं तपकिरी स्कर्ट, पांढरा सदरा आणि टाय आणला. दुकानदारानं माप विचारलं तर यानं आपल्या कमरेवर हात ठेवून उंची दाखवली. घरी तेजस्विनीला म्हणाला, पोरीला सकाळची माझ्यासंगं मळ्यावर येऊ दे, गाडीत बसंल, वाफ्यात खेळंल. तेजस्विनीला एवढा आनंद झाला, की तिनं गुरुवारी शनिवार पेठेत सगळ्यांना सांगितलं, आमचे सासरे बदलले.

बेत असा होता. सहाला पोरगी घरनं फ्रॉकमध्ये निघायची. आधी मोटारीच्या खोलीत जाऊन गणवेश घालायचा. मग व्हॅनमध्ये पुढं बसून अकरा दारं फिरायची, म्हणजे सगळ्यांना दिसायचं. पोरं शाळेत उतरवली, की "आता हिला सोडून येतो" म्हणत परत मळ्यावर, परत फ्रॉक. दुपारी पोरं आणायला जाताना पुन्हा गणवेश, घरी जायच्या आधी पुन्हा फ्रॉक. दिवसातनं चार वेळा पोरगी कपडे बदलायची. गणवेश सर्जेराव स्वतः विहिरीवर धुवायचा आणि खोलीतल्या तारेवर वाळत टाकायचा. ज्यानं जन्मात स्वतःचं धोतर पिळलं नाही, तो नातीचा स्कर्ट पिळत होता.

पोरीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "आबा, हे नाटक आहे का?"

"नाटकच समज."

"आईला दाखवायचं?"

"आईला नाय सांगायचं. रागवंल."

तिनं थोडा विचार केला आणि मग ती तयारीला लागली. तिला तुकडी पाहिजे होती. हा म्हणाला, ब म्हण. ती म्हणाली, अ का नाही? मग अ ठरली. हजेरीचा नंबर सत्तावीस. वर्गाच्या बाई तिनं स्वतःच बनवल्या, तनया मिस. केस कुरळे, घरी तीन मांजरं, अपुरी वही चालते. व्हॅनमधल्या पोरांना ती तनया मिसच्या गोष्टी सांगायची आणि पोरं ऐकत राहायची. एकदा एक बारकं पोरगं रडायला लागलं, मलाही त्याच शाळेत जायचंय म्हणून. सर्जेराव हसला.

मधल्या चार-पाच तासांत मळ्यावर काय चालायचं, ते त्याला शिक्षण वाटतच नव्हतं. पोरगी वाफ्यांत पाणी वळवून बारं द्यायला शिकली. किती बादल्यांत वाफा भिजतो ते भिंतीवर कोळशानं रेघा मारून मांडायची. मग तिला सापांचं वेड लागलं. विहिरीच्या कपारीत एक दिवड दिसली, तिथनं ते सुरू झालं. तेजस्विनी दुपारची तिला कात्रजच्या सर्पोद्यानात न्यायची, ग्रंथालयातनं पुस्तकं आणायची. हात सावकाश चालणारी पोर सापांची चित्रं काढून खाली पानभर लिहायला लागली. तिला घाई करणारं कुणी नव्हतं.

भाद्रपदात मोटारीच्या खोलीत स्टार्टरखाली पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला. सर्जेरावानं मण्यार म्हणून फावडं उचललं. पोरगी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आबा, थांबा. पट्टे डोक्याकडं ठळक आहेत, शेपटीकडं पुसट झालेत. मण्यारचं उलटं असतं. हा कवड्या आहे, बिनविषारी. पण हात लावू नका, लांबूनच बघा."

सर्जेरावानं फावडं खाली धरलं आणि बघितलं. पोर म्हणत होती तसंच होतं. आजवर असले किती कवड्या साप त्यानं मण्यार म्हणून ठेचले असतील, त्याची त्यालाच गणती नव्हती. साप फटीतनं निघून गेला. सर्जेराव फावडं ठेवून बाहेर आला. गावात जाऊन चारचौघांत सांगावं असं वाटलं. मग ध्यानात आलं, सांगायचं कसं? शाळेच्या वेळात पोरगी मळ्यावर काय करत होती? नातीचा खराखुरा अभिमान वाटायचा क्षण आला, आणि तो त्याला मोटारीच्या खोलीतच कोंडून ठेवावा लागला.

वर्ष असं निघून गेलं. पुढच्या जूनमध्ये तात्यारावानं गुणवंत मुलांचा सत्कार काढला. तात्याराव म्हणजे गाव पालिकेत जायच्या आधीचा सरपंच. पद गेलं, पण फ्लेक्स लावायची सवय गेली नाही. त्याचा नातूही सर्जेरावाच्याच व्हॅनमध्ये. चहाच्या टपरीवर चार माणसं उभी असताना तात्यारावानं हटकलं, "सर्जा, नातीचा कितवा नंबर आला रं?"

"पयला," सर्जेराव म्हणाला. दुसरा म्हणाला असता तरी निभावलं असतं.

"मग दे की नाव. सात पोरं आन् एकच पोरगी झालीया, फ्लेक्सवर बरं दिसत नाय."

सर्जेराव नको म्हणाला, पण माणसं लाजून नको म्हणतात तसं म्हणाला. तात्यारावाच्या माणसानं याचाच मोबाइल घेतला, त्यातला विहिरीवर उभ्या असलेल्या, गणवेशातल्या पोरीचा फोटो उचलला. मागची विहीर कापून टाकली.

शनिवारी फ्लेक्स धायरी फाट्यावर चढला. नऊ मुलांचे चेहरे, वर हात जोडलेला तात्याराव केवढा तरी मोठा, आणि खालच्या ओळीत 'कु. संस्कृती, इयत्ता तिसरी, प्रथम क्रमांक'. सर्जेराव त्याच्याखालनं व्हॅन घेऊन गेला तेव्हा अकराच्या अकरा पोरांनी टाळ्या वाजवल्या. अजूनही त्याला एक अख्खा दिवस होता. तात्यारावाकडं जाऊन सांगता आलं असतं. सुनेकडं जाऊन सांगता आलं असतं. त्यानं दिवसभर व्हॅन धुतली.

रविवारी संध्याकाळी मंगल कार्यालयात कार्यक्रम. पोरीला तो म्हणाला, आजचा नाटकाचा शेवटचा खेळ. मळ्यावर नेऊन गणवेश घातला, टायची गाठ स्वतः मारली, ती वाकडी आली. तेजस्विनी त्याच सुमाराला भाजीला म्हणून स्कूटरवरनं फाट्यावर गेली होती. तिनं फ्लेक्स बघितला, खालची कार्यक्रमाची जागा वाचली. ती भाजी न घेता तशीच कार्यालयात आली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. सर्जेराव पहिल्या रांगेत होता, मी त्याच्या मागं. त्याला ती दिसली नाही.

पाहुणे म्हणून एक म्हातारे मुख्याध्यापक आणले होते. मनानं चांगले. नुसती ट्रॉफी देऊन पोराला खाली ढकलत नव्हते, प्रत्येकाला एकदोन प्रश्न विचारत होते. बाकीची पोरं घुम्यासारखी मान हलवत होती. संस्कृतीची पाळी आली. त्यांनी नाव विचारलं, वर्ग विचारला. तिनं तिसरी अ, हजेरी नंबर सत्तावीस, आता चौथीत गेले, असं घडाघडा सांगितलं. त्यांनी विचारलं, शाळेत सगळ्यात जास्त काय आवडतं?

पोरीनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"तनया मिस आवडतात," ती म्हणाली. "वही अपुरी राहिली तरी त्या बाहेर उभं करत नाहीत. उद्या पूर्ण कर म्हणतात. आणि आमच्या शाळेत कुणी गाडीचा दांडा धरून बसलं ना, तर त्याची बोटं सोडवत नाहीत. बसू देतात. मग ते आपलं आपण उतरतं."

कार्यालयभर टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक म्हणाले, अशा शिक्षिका प्रत्येक शाळेला मिळोत. तात्यारावानं मान डोलावली. सर्जेरावाचे दोन्ही हात टाळी वाजवायला वर आले होते, ते तसेच राहिले. तो स्वतःच्या बोटांकडं बघत होता.

पोरगी ट्रॉफी घेऊन खाली उतरली, थेट त्याच्यापाशी आली. गोंगाट होता म्हणून त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलली, पण मागं मला स्पष्ट ऐकू आलं.

"आबा, बरोबर सांगितलं ना? काही विसरले नाही ना मी?"

त्यानं मान वर केली तर समोर तेजस्विनी उभी होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं आवाज चढवला नाही. माणसांत आपल्या माणसाचा पाणउतारा करायचा नाही, एवढं ती पाळते. तिनं पोरीचा हात धरला.

"अण्णा, शाळेत होती तेव्हा ती बोलत नव्हती," ती म्हणाली. "पण खोटं कधी बोलली नव्हती."

दोघी गेल्या. सर्जेराव ट्रॉफी मांडीवर घेऊन बसून राहिला. मंडपवाला खुर्च्या गोळा करत याच्या रांगेपर्यंत आला, तेव्हा उठला.

घरी काय झालं ते कौशल्येनं मला नंतर सांगितलं. आरडाओरडा झालाच नाही, झाला असता तर बरं, असं तिचं म्हणणं. तेजस्विनीनं पोरीच्या अंगातला गणवेश काढला, घडी घातली आणि सर्जेरावाच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवला. मग स्वतःच खाली बसली. तिला स्वतःचीही लाज वाटत होती. वर्षभर ती शनिवार पेठेत आपल्या सासऱ्याचं उदाहरण देत होती. आता तिथंही जाऊन खरं सांगणं आलं.

सोमवारी सकाळी सर्जेराव व्हॅनपाशी गेला आणि नातीला हाक मारली. तेजस्विनी मागोमाग खाली आली. "तिला कशाला नेताय आता?"

"तिच्यासमोर बोललो व्हतो," तो म्हणाला. "तिच्यासमोरच निस्तरतो."

पोरगी फ्रॉकमध्येच पुढच्या सीटवर बसली. पहिल्या दारात त्यानं कडी दोनदा वाजवली. पोराला घेऊन बाई आली. सर्जेराव टोपी काढून हातात धरून म्हणाला, "आमची संस्कृती शाळंत जात नाय. वरीसभर घरीच हाय. नंबर-बिंबर सगळं खोटं. म्या बोललो ते, पोरीनं नाय." बाई झोपेत होती. म्हणाली, बरं काका, आज ह्याचं स्विमिंग आहे, टॉवेल बॅगेत आहे.

पहिलं दार असं सोपं गेलं म्हणून पुढचं सोपं जाईना. दुसऱ्या दारात विचारलं, पोरगी आजारी आहे का. तिसरं दार म्हणजे जिच्यापासनं हे सगळं सुरू झालं होतं, ती बाई. तिनं आपल्या लेकराला गाडीतनं परत उतरवून घेतलं आणि म्हणाली, उद्यापासून दुसरी व्यवस्था बघते, राग मानू नका, पण लहान मुलाच्या तोंडून खोटं वदवणाऱ्याकडं मी माझं मूल कसं देऊ. सर्जेराव "व्हय" म्हणाला. बाईचं म्हणणं चूक नव्हतं. चौथ्या दारातला म्हातारा हसला, मास्तरणीच्या घरात पोरगी अडाणी का? पाचव्या दारातही तेच सांगून झालं. वाक्य त्यानं एकाही ठिकाणी तोडलं नाही. पोरगी आत बसून प्रत्येक वेळी ऐकत होती.

सहाव्या दारात एक बाई आपल्या पोराकडं चोरून बघत हळू आवाजात म्हणाली, "काका, हा पण रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. ते घरी शिकवायचं, सुरुवात कशी करतात हो?"

वर्षभर ते सर्जेरावाच्याच मळ्यावर घडत होतं आणि तो ते लपवण्यात गुंतला होता. "मला नाय सांगता यायचं," तो म्हणाला. "सुनंला इचारा. तिला ठावं हाय. म्या नीट बघितलंच नाय."

शेवटचं दार तात्यारावाचं. तात्याराव बनियनवर दात घासत अंगणात उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चूळ भरली.

"मग आता फ्लेक्सचं काय?"

"उतरवा."

"पंधरा दिवसांचं ठरलंय त्याचं. मधीच उतरवला तर लोक इचारतील."

सर्जेरावानं सीटखालनं ट्रॉफी काढून पुढं केली. तात्यारावानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि परत दिली. "ठेव. नाव कोरलंय हिच्यावर. दुसऱ्याला देता येत न्हाय."

फ्लेक्स पंधरा दिवस राहिला, मग कुणी काढायचा म्हणून आणखी महिनाभर राहिला. सर्जेराव रोज दोनदा त्याच्याखालनं गेला. व्हॅनमध्ये आता नऊ पोरं आहेत. सहाव्या दारातली बाई मात्र गुरुवारी तेजस्विनीबरोबर शनिवार पेठेत जाते. तेजस्विनीनं तिथं खरं काय ते सांगितलं, तेव्हा श्यामलाबाईंनी तिला चहा दिला आणि विषय बदलला. त्यांच्याकडनं एवढं म्हणजे पुष्कळ.

गणवेश पुन्हा मोटारीच्या खोलीत तारेवर आहे. पोरीला तो आता आखूड होईल. कौशल्या म्हणते, चांगलं कापड आहे, कुणाला तरी देऊन टाका. हा देत नाही. मळ्यावर गेला की आधी त्याच्याकडं बघतो, मग मोटार चालू करतो.

परवा मी त्यांच्याकडं चहाला गेलो होतो. संस्कृती मळ्यावरनं धावत आली आणि आईला म्हणाली, विहिरीच्या कपारीत दिवडीनं कात टाकलीय, सबंध, डोळ्यांवरच्या खवल्यांसकट.

"खरं?" तेजस्विनीनं विचारलं. सहज विचारलं. हल्ली ती विचारते.

"खरं हाय, म्याबी बघितली," सर्जेराव म्हणाला. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

पोरीनं फ्रॉकच्या खिशातनं वर्तमानपत्राची पुडी काढली, टीपॉयवर ठेवून उलगडली आणि कात सगळ्यांना दिसेल अशी हातानं सरळ केली. तिच्या खिशात आणखी दोन पुड्या होत्या, कुणी 'खरं?' विचारलंच तर दाखवायला.

सर्जेरावानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि व्हॅन धुवायला खाली निघून गेला. व्हॅन त्यानं सकाळीच धुतली होती.